मॉनिटर मोडमधला नवरा

आमचं नेट कुणीतरी चोरतंय, असा निकाल माझ्या नवऱ्यानं एका रविवारी दुपारी जेवणाच्या ताटावरच जाहीर केला. क्रिकेटची मॅच ऐन रंगात असताना पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं आणि ते थांबलं तेव्हा आपला गडी बाद होऊन पॅव्हेलियनमध्ये बसला होता. एवढ्या मोठ्या दुःखाला कुणीतरी जबाबदार असायलाच हवं होतं. केबलवाल्याला फोन झाला. तो म्हणाला, "साहेब, इकडून फुल आहे." हे वाक्य आमचा केबलवाला झोपेतसुद्धा बोलत असेल. पण नवऱ्यानं त्यातून असा अर्थ काढला, की तिकडून फुल निघतं आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर कमी होतं, म्हणजे मधल्या मधे कुणीतरी पितंय.

"पासवर्ड बदलून टाका ना," मी म्हटलं.

"आणि चोराला सावध करू?" तो म्हणाला.

मी त्याला भात वाढला.

माझा नवरा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दिवसभर बंद पडलेली यंत्रं चालू करून त्याचं समाधान होत नाही, म्हणून घरी आल्यावर तो चालू यंत्रं उघडतो. लिनक्स हे त्याचं व्यसन. इतर व्यसनांपेक्षा स्वस्त आहे आणि वास येत नाही, म्हणून मी कधी विरोध केला नाही. माझा लॅपटॉप उत्तम चालत होता. पण "चालतो म्हणजे तुझ्या ताब्यात आहे असं नाही" असं म्हणून त्यानं एका शनिवारी त्यातलं सगळं पुसलं आणि लिनक्स टाकलं. तेव्हापासून लॅपटॉप पूर्णपणे माझ्या ताब्यात होता, फक्त मला तो चालवता येत नव्हता.

आणि त्या लॅपटॉपची मला फार गरज होती. मी फिजिक्सची एम.एस्सी. एका ज्युनियर कॉलेजात शिकवत होते. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा रजा घेतली, रजा संपली तेव्हा राजीनामा दिला. पुढे ते गेले, आणि मी घरीच राहिले. राहा असं कुणी म्हणालं नाही, जा असंही कुणी म्हणालं नाही. आता एका खासगी क्लासनं ऑनलाइन शिकवण्याच्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, समोर तिघं परीक्षक, आणि त्यांच्यासमोर एक तास शिकवून दाखवायचा. ही नोकरी मला हवी होती. घरात पगाराची मदत होईल असं मी सगळ्यांना सांगत होते, कारण ते कारण सगळ्यांना लगेच पटतं. खरं कारण इतकंच होतं, की मला पुन्हा कुणाला तरी काहीतरी समजावून सांगायचं होतं आणि समोरच्यानं "कळलं, मॅडम" म्हणायला हवं होतं.

तर नवऱ्यानं चोर पकडण्याचं मनावर घेतलं. राउटरच्या पानावर कोण कोण जोडलेलं आहे ते सरळ दिसतं म्हणे, पण केबलवाल्यानं ते पान कुलूप घालून ठेवलं होतं. त्याचं नवऱ्याला वाईट वाटलं नाही. सरळ दिसणाऱ्या गोष्टीत त्याला मुळातच रस नसतो. त्याच्या लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड या कामाला नालायक निघालं आणि माझ्यातलं लायक निघालं, म्हणून माझा लॅपटॉप जप्त झाला. रात्रीच्या जेवणाला मला आणि सासूबाईंना व्याख्यान मिळालं.

"कार्डाचे मोड असतात," तो म्हणाला. "आपण नेहमी वापरतो तो मॅनेज्ड. त्यात कार्ड राउटरच्या आज्ञेत असतं. राउटर म्हणेल तसं, म्हणेल तेव्हा बोलायचं. मास्टर मोडमध्ये कार्ड स्वतःच राउटर होतं आणि बाकीच्यांना आज्ञा करतं. ॲड-हॉकमध्ये राउटरच नसतो, दोन कॉम्प्युटर थेट एकमेकांशी बोलतात."

"मधे कुणी मोठं मानूस नाय?" सासूबाईंनी विचारलं. त्या सिन्नरजवळच्या खेड्यातल्या, आणि मधे मोठं माणूस नसलेलं कुठलंही बोलणं त्यांना संशयास्पद वाटतं.

"नाही. आणि चौथा मॉनिटर मोड. त्यात कार्ड कुणाशीच जोडलेलं नसतं. गुपचूप बसून हवेतलं सगळ्यांचं ऐकतं."

"काय बोलतात ते कळतं?"

"ते कळत नाही, कुलूपबंद असतं. पण कोण बोलतंय आणि किती बोलतंय ते कळतं."

सासूबाई हसल्या. एवढ्यासाठी यंत्र कशाला लागतं, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी खुर्च्या टाकून बसणाऱ्या बायका कार्डाशिवाय एवढं सांगू शकतात. मला मात्र वेगळंच वाटलं. सगळ्यांचं ऐकायचं, कुणाशी जोडून घ्यायचं नाही आणि स्वतः अवाक्षर काढायचं नाही, हा मोड मी बरीच वर्षं बघत आले होते. पण तो विचार मी कोशिंबिरीबरोबर गिळला.

दुसऱ्या दिवसापासून शिकार सुरू झाली. लॅपटॉपवर काळा पडदा आणि त्यावर आकड्यांच्या रांगा. प्रत्येक फोनचा एक लांबलचक नंबर असतो. आमच्या फोनांचे नंबर नवऱ्यानं खोक्यांवरून बघून यादीतून वगळले. मग उरलेल्यांत एक अनोळखी नंबर निघाला, जो सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड, न थकता नेट पीत होता. नवऱ्याला इतका आनंद झाला, की त्यानं मला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

आता चोराचं घर शोधायचं. सिग्नल जितका जोरात तितका चोर जवळ, हे साधं गणित. नवरा औक्षणाचं ताट धरावं तसा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून जिन्यात, गच्चीत, पार्किंगमध्ये फिरला. वॉचमननं विचारलं, "साहेब, गॅस लीक हाय का?" गच्चीत सिग्नल पडला, पार्किंगमध्ये मेला, आमच्या दारात वाढला आणि स्वयंपाकघरात तर अगदी उसळला. देवघराच्या फळीला कोपर टेकवून नवरा उभा राहिला आणि त्यानं समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"भिंतीपलीकडे!" तो म्हणाला.

भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर आहे. काका रेल्वेतून निवृत्त झाल्यावर दोघं मनमाडहून इथे राहायला आले. आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी झोपतानासुद्धा ज्यांचं दार उघडं असतं असं ते एकच घर. काका सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला यायचे, त्यांच्या रेल्वेतल्या शिस्तीप्रमाणे वेळेच्या आधी. मी म्हटलं, काकू असं करणार नाहीत. नवरा म्हणाला, आकडे खोटं बोलत नाहीत. मग तो लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात गेला आणि त्यानं विचारलं, "काकू, तुमच्याकडे फोन कुठल्या कंपनीचा आहे?" काकूंनी आधी कौतुकानं सांगितलं. मग त्याच्या हातातला काळा पडदा बघितला, त्याचा चेहरा बघितला, आणि त्यांना कळलं.

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्यानं बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, की काही सभासद भिंतीआडून इतरांचं नेट वापरत असल्याचे तांत्रिक पुरावे हाती आले असून ते येत्या मीटिंगमध्ये सादर केले जातील. खाली हात जोडलेलं चित्र. कुणाचं नाव नव्हतं, म्हणून सगळ्यांना नाव कळलं. त्या संध्याकाळी काकूंचं दार बंद झालं. मला इतकी लाज वाटली, की मी दोन दिवस कचऱ्याचा डबा काकू आत असतील ती वेळ बघून बाहेर ठेवत होते.

गुरुवार उजाडला. नवरा पहाटेच्या पाळीला सिन्नरला गेलेला. त्याच्या कारखान्यात फोन गेटवर जमा करून आत जायचं असतं, म्हणजे दुपारपर्यंत नवरा आहे आणि नाही, दोन्ही सारखंच. मी साडी नेसले. हॉलमध्ये सोफ्यावर कपड्यांचा ढीग, बेडरूममध्ये कपाटावर गाद्या. मागे स्वच्छ पांढरी भिंत म्हणून स्वयंपाकघरातलं टेबलच बरं, असं ठरवून तिथे बसले. साडेदहाला लॅपटॉप उघडला, तर काळा पडदा आणि आकड्यांच्या रांगा. नवरा रात्रभर पुरावे गोळा करत होता आणि कार्ड तसंच मॉनिटर मोडमध्ये सोडून गेला होता.

मी राउटर बंद करून चालू केला. काही नाही. फोनचं नेट लॅपटॉपला द्यावं, तर जे कार्ड कुणाशीच जोडून घेत नाही ते फोनशी तरी कसं घेईल? वायर लावावी, तर लॅपटॉप इतका पातळ आणि देखणा, की त्याला वायरीचं भोकच नाही. फोनवरूनच मुलाखत द्यावी, तर तास शिकवताना पडद्यावर लिहून दाखवायचं होतं. पूर्वी असतं तर मी काकूंकडे पळाले असते. त्यांच्याकडे लॅपटॉप आहे, नातवंडांशी बोलायला घेतलेला. मी दारापर्यंत गेलेसुद्धा. बंद दार बघितलं आणि परत फिरले.

मग मी चिडले. नवऱ्यावर, लिनक्सवर, चोरावर आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर, की एम.एस्सी. झालेली बाई रडवेली होऊन उभी आहे. घरच्या वाय-फायवर फोनमध्येही नुसतं गोल चक्र फिरत होतं, आणि आमच्याकडे फोनची स्वतःची रेंज फक्त बाल्कनीत येते. मी वाळत घातलेल्या चादरीखाली उभी राहून मोडांविषयीचं एक पान वाचलं, एक ओळ पाठ केली, आत पळाले, टाइप केली. पासवर्ड माहीत होता, कारण नवरा सगळ्या जगाला सुरक्षिततेचे धडे देतो आणि स्वतः सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो. लॅपटॉप म्हणाला, यंत्र व्यस्त आहे. पुन्हा बाल्कनी. कार्ड चालू असताना त्याचा मोड बदलता येत नाही, असं त्या पानावर होतं. आधी ते खाली बसवायचं, मग मोड बदलायचा, मग उभं करायचं. पुन्हा आत. बसवलं, मॅनेज्ड केलं, उभं केलं. तरी नेट नाही. पुन्हा बाल्कनी. मॉनिटर मोडच्या कामात लुडबुड नको म्हणून वाय-फाय सांभाळणारी सेवाच लोक बंद करून ठेवतात, असं शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं. नवरा त्या लोकांतलाच. सेवा चालू केली, आणि कोपऱ्यात आमच्या वाय-फायची ती छोटी छत्री उगवली. मी एकटीच स्वयंपाकघरात "कळलं!" असं ओरडले.

सासूबाई दचकून आल्या. "काय झालं गं?"

"काही नाही आई, बसा. मुलाखत सुरू होतेय."

त्या देवघरासमोर पाटावर जपमाळ घेऊन बसल्या. अकरा वाजता तीन चौकटींत तीन चेहरे आले. नमस्कार-चमत्कार झाले. मी लहरींवर शिकवायला घेतलं आणि पहिल्याच आकृतीवर मधले सर म्हणाले, "मॅडम, आवाज तुटतोय तुमचा." मी पुन्हा सुरू केलं. "मॅडम, तुम्ही थांबल्यात. चित्र हलत नाहीये." डावीकडच्या बाई घड्याळ बघत होत्या. मी वर बघितलं, काय करावं कळत नाही तेव्हा माणूस जसं बघतं तसं. समोर देवघर होतं. देवघरात अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, आणि मधोमध, फुलाला टेकून उभा ठेवलेला सासूबाईंचा फोन.

त्या फोनवर आमच्या कुलदेवीच्या देवळातलं थेट दर्शन चालू असतं. पहाटे दार उघडल्यापासून रात्री शेजारती होईपर्यंत. सासरे गेल्यावर सासूबाईंनी ही रीत सुरू केली. देवी जागी असताना आपण तिला बंद कसं करायचं, असं त्यांचं म्हणणं. आवाज बंद असतो, चित्र मात्र सगळ्यांत स्पष्ट, कारण देवीच्या नथीतले मोती दिसले पाहिजेत. नवरा रोज अंघोळीनंतर त्याच फोनला नमस्कार करून कामावर जातो. सासूबाईंच्या फोनासारखे अगदी नवे फोन वाय-फायला खोक्यावरचा नंबर न देता दुसराच बनावट नंबर देतात, हे बाल्कनीतल्या त्याच पानावर मी वाचलं होतं. नवऱ्यानं सगळी बिल्डिंग पालथी घातली, पण देवाला कुणी संशयितांत धरत नाही.

"आई," मी म्हणाले. "नेट... देवी नेट घेतेय सगळं."

सासूबाईंना तंत्र कळलं नसेल. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, आणि माळ खाली ठेवली. फोनसमोर हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आई, जरा पडदा घे गं. पोरीचं काम हाय. ही माझ्या म्हाताऱ्याचं करता करता घरी बसली, तुला ठावं हाय सगळं." आणि त्यांनी फोन बंद केला. माझा माइक चालू होता. मधल्या सरांनी चष्मा काढून पुसला. आवाज या वेळी नेमका न तुटता गेला होता.

पुढचा तास मी शिकवला. तयारी केलेली आकृती सोडूनच दिली. एका खोलीत शंभर फोनांच्या लहरी एकमेकींत मिसळूनही प्रत्येकाला आपापलं कसं ऐकू येतं, तिथून सुरुवात केली आणि कार्डाच्या मोडांपर्यंत गेले. आधी खाली बसवायचं, मग बदलायचं, मग उभं करायचं, हे सांगताना माझा आवाज चढला. डावीकडच्या बाईंनी घड्याळ बघणं सोडलं. त्यांनी एक शंका विचारली, मी उत्तर दिलं, आणि त्या म्हणाल्या, "कळलं, मॅडम." सासूबाई तासभर काळ्या फोनवर हात ठेवून बसल्या होत्या.

संध्याकाळी फोन आला. सोमवारपासून रुजू व्हा, रोज अकरा ते एक. फक्त एक अट, नेट तुटता कामा नये. तुटलं तर महिनाभरात दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल. त्याच वेळी नवरा मीटिंगसाठी पुराव्यांचे प्रिंटआउट घेऊन घरात शिरला.

"फाड ते," सासूबाई म्हणाल्या. "चोर मी हाय."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यानं तंत्रज्ञाला शोभेल असं पहिलं काम केलं: उपाय सुचवले. देवीचं चित्र जरा कमी स्पष्ट ठेवू. सासूबाई म्हणाल्या, मग नथ दिसत नाय. दुसरी लाइन घेऊ. केबलवाला म्हणाला, साहेब, खालचा बॉक्स भरलाय, दिवाळीनंतर बघू. अकरा ते एक देवी बंद ठेवू. एक दिवस अडचणीचा म्हणून त्यांनी पडदा घ्यायला सांगितला होता, रोज ऐन महापूजेच्या वेळी देवीला घालवून द्यायचं त्यांच्यानं होईना. तरी त्या म्हणाल्या, "करते बंद. तिची नोकरी जायला नको." ते ऐकून मला आणखीच वाईट वाटलं.

"काकूंकडे नेट आहे," मी म्हटलं. "भिंतीला लागून. आईंचा फोन त्यांच्या नेटवर चालेल."

"मी कसा मागू?" नवरा म्हणाला.

"ग्रुपवर लिहायला जसे गेलात तसे जा," मी म्हणाले. असं मी त्याच्याशी कधी बोलत नाही. त्यानं प्रिंटआउट डब्यात टाकले, चप्पल न घालताच बाहेर गेला आणि शेजारची बेल वाजवली. मी आणि सासूबाई आमच्या दाराआड उभ्या होतो. त्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही, फक्त "चुकलं माझं" एवढं आलं.

मग काकू आल्या. चष्मा लावलेला, मागे नवरा. "पासवर्ड तुला नाही सांगणार," त्या त्याला म्हणाल्या. "ग्रुपवर टाकशील." त्यांनी देवघरातला फोन उचलला, एकेक अक्षर दाबत स्वतः पासवर्ड घातला आणि देवीचा चेहरा उगवल्यावर पदर सावरून नमस्कार केला. जाताना माझ्यापाशी थांबल्या.

"लागली ना नोकरी? लागणारच. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं मला. छान शिकवतेस गं."

मी काही बोलायच्या आत त्यांनी आपला उजवा खांदा चोळला.

"तुझं सुरू झालं आणि माझी चटणी मिक्सरमध्ये. म्हटलं, घरघर तिकडे जाईल आणि पोरीचं बोलणं बिघडेल. मग पाट्यावर वाटली. सवय राहिली नाही आता, खांदा भरून आलाय."

नवऱ्यानं मान खाली घातली. मला काकूंना वाकून नमस्कार करायचा होता, पण इतकं रडू आलं, की तो राहूनच गेला.